यादी चार भाषांची, फाइल एकच

सोलापुरी चादरीवरचा मोर सुतात नसतो. तो जकार्डवर फिरणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांत असतो. ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे हे एक कार्ड ठरवतं, मग त्याच्यामागचं कार्ड पुढे येतं. कार्डांच्या त्या अख्ख्या माळेत धागा एकही नसतो, असतो तो फक्त क्रम. खिशातल्या एमपीथ्री प्लेयरची प्लेलिस्टही तशीच. तिच्यात गाणं नसतं. कोणतं गाणं कुठल्या फोल्डरमध्ये पडलंय आणि ते कितवं वाजवायचं, एवढंच तिथे लिहिलेलं असतं.

म्हणून ती तयार करणारं साधनही एवढंसंच असतं. प्लेयरला कळणारी सगळ्यात जुनी आणि साधी यादी म्हणजे ‘एमथ्रीयू’. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्लेथ्री या संगणकावरच्या प्लेयरसाठी ती निघाली आणि १९९७ साली आलेल्या जस्टिन फ्रँकेलच्या विनॅम्पने ती घरोघर पोचवली. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघावी. सगळी साधी अक्षरं. पहिल्या ओळीत ही कसली फाइल आहे याची खूण. मग प्रत्येक गाण्यामागे दोन ओळी: एकीत गाणं किती सेकंदांचं आणि त्याचं नाव, दुसरीत फाइलचा पत्ता. पहिली ओळ गाळली तरी बहुतेक प्लेयर कुरकुर करत नाहीत, पत्ता मात्र हवाच. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘डीआयआर /बी’ हा हुकूम देऊन त्याचं उत्तर एका फाइलमध्ये वळवलं, तरी त्या फोल्डरपुरती कामचलाऊ यादी हातात येते. शंभर गाण्यांची यादी दहा-बारा किलोबाइटची. गाणं पाच मिनिटांचं आणि १२८ केबीपीएसचं असेल तर तेवढं एकटंच ४.८ मेगाबाइट खातं. त्या हिशेबाने ४ जीबीच्या मेमरी कार्डात आठशेवर गाणी मावतात. इतक्या गाण्यांतून बटण दाबत दाबत हवं ते शोधणं म्हणजे अंगठ्याचा छळच.

फोन असताना हा वेगळा डबा कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. सकाळी उठल्यावर अभंग ऐकणाऱ्या आजोबांना विचारा. मधेच कुणाचा फोन येत नाही, जाहिरात लागत नाही, आणि बटण डोळे मिटूनही चाचपता येतं. सारेगामाने २०१७ साली पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला ‘कारवां’ काढला आणि तो खपला, तो याच लोकांच्या जिवावर. पण तिथली निवड कंपनीची. सोलापूरच्या घराला दुसऱ्याची निवड पुरत नाही.

कारण हे गावच चार भाषांत बोलतं. मराठी आणि कन्नड तर आहेतच. तेलंगणातून येऊन मागावर बसलेल्या पद्मशाली समाजाची तेलुगू आहे आणि मोहल्ल्यांतली दखनी उर्दूही आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः कन्नड वचनकार. लावणीकार रामजोशी इथलेच, शाहीर अमर शेख जिल्ह्यातल्या बार्शीचे. अशा घरातली गाणी भाषेच्या फोल्डरांत कोंबली की सगळ्यांची पंचाईत होते. भीमसेन जोशींचंच बघा. गदगचा हा माणूस पुण्यात राहिला, मराठीत अभंग गायला आणि कन्नडात दासरपदंही गायला. फोल्डर लावणारा त्यांचे दोन तुकडे करतो. यादी लावणारा विठ्ठलाच्या अभंगामागे पुरंदरदासांचं पद ठेवतो. दैवत एकच, गळा एकच, मग सासू मराठी आणि सून कन्नड असली तरी दोघींना चालतं. तिसऱ्या जागी मल्लिकार्जुन मन्सूरांचं वचन, चौथ्या जागी घंटसालांचं एखादं तेलुगू पद. ही सांगड कुठलंही ॲप आपणहून घालून देईल यावर माझा विश्वास नाही.

अशी यादी करायला हाताशी एमपीथ्रीटॅग असलं की पुरे. फ्लोरियन हायडेनराइख या जर्मन प्रोग्रामरचं हे छोटं, विंडोजवर फुकट मिळणारं साधन. खरं काम गाण्यांवरच्या चिठ्ठ्या, म्हणजे टॅग, दुरुस्त करण्याचं, जाता जाता यादीही काढून देतं. चिठ्ठ्यांचं काम आधी उरकावं हे बरं. एका फाइलवर ‘भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तिसरीवर कॅसेट कंपनीचं नाव असेल, तर प्लेयर तीन वेगळे गायक दाखवतो. यादी काढताना पत्ता ‘सापेक्ष’ ठेवायचा, म्हणजे ‘इथून दोन घरं पुढे’ असा. पूर्ण पत्त्यात संगणकाच्या डी ड्राइव्हचं नाव येतं आणि प्लेयरच्या लेखी डी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर यादी युनिकोडमध्ये, म्हणजे ‘एमथ्रीयू-एट’ या प्रकारात साठवावी. तरीही जुन्या प्लेयरवर नावाच्या जागी चौकटीच दिसतात, तेव्हा फाइलींना रोमन नावं देऊन मोकळं व्हावं.

अगदी स्वस्त, चिनी बनावटीच्या प्लेयरला यादी कळतच नाही. कार्डावर ज्या क्रमाने फाइली उतरवल्या त्याच क्रमाने तो वाजवतो, नाव ‘अ’ने सुरू होवो की ‘ज्ञ’ने. त्याच्यासाठी फाइली एकेक करून उतरवाव्या लागतात, नाहीतर कार्डाच्या नोंदींचा क्रम बदलणारं फॅटसॉर्टरसारखं साधन वापरावं लागतं. एकेकाळी मोबाइलच्या टपऱ्यांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असत. तिथे असल्या क्रमाची फिकीर कुणाला? कार्ड खचाखच भरलं की झालं. तो धंदा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध होता हे वेगळंच. आपल्या पैशाने घेतलेल्या सीडीवरून घरापुरती गाणी काढावीत.

एक गोष्ट यादीने सुटत नाही: आवाज. कॅसेटवरून उतरवलेलं प्रल्हाद शिंद्यांचं गाणं दबकं येतं आणि त्यामागून नवं सिनेमाचं गाणं कानात किंचाळतं. त्यावर एमपीथ्रीगेन हा इलाज आहे. फाइल पुन्हा न दाबता तो तिच्या आवाजाची पातळी दीड-दीड डेसिबलने चढवतो किंवा उतरवतो. मूळ खूण ८९ डेसिबलची, ती शक्यतो तशीच राहू द्यावी.

यादीला जागा लागत नाही, त्यामुळे एकच गाणं दहा याद्यांत घालता येतं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हाची एक यादी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशीची तेलुगूबहुल दुसरी, १४ एप्रिलची भीमगीतांची तिसरी. प्रल्हाद शिंदे आषाढीच्या यादीतही येतात आणि १४ एप्रिलच्याही. सण सरला की ती यादी पुसायला हरकत नाही. फक्त पुसताना आपण यादीवर उभे आहोत की गाण्यांच्या फोल्डरवर, एवढं बघून मग बटण दाबावं.