उड्डाणपूर्व पडताळणी-यादीची भाषा : कर्जत-खालापूर परिसरातील ड्रोनच्या संदर्भात

उड्डाणापूर्वी यंत्राची ठराविक क्रमाने पडताळणी करावी, आणि ती स्मरणावर न सोडता लिखित यादीवरून करावी, ही प्रथा विमानविद्येत एका अपघातानंतर रुजली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे विमान चाचणीसाठी वर चढले आणि लगेच कोसळले. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याची सुकाणू-पाती हलू नयेत म्हणून जी अडकण लावलेली असते, ती काढावयाची राहून गेली होती. चालक नवशिके नव्हते. मृत्यू पावलेले मेजर प्लॉयर हिल हे अनुभवी चाचणी-वैमानिक होते. यानंतर वैमानिकांनी स्वतःसाठी लहान लहान याद्या तयार केल्या. असे विस्मरण अज्ञानातून येत नाही, अतिपरिचयातून येते, ही गोष्ट तेव्हा प्रथमच गांभीर्याने मान्य झाली.

घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, आणि घाट उतरणाऱ्या गाड्या वाटेत थांबवून त्यांच्या ब्रेकची परीक्षा घेण्याची पद्धत कर्जतच्या रेल्वे कामगारांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे.

आज कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत ड्रोन ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. बागायती बंगल्यांवरील लग्नसमारंभांचे चित्रण, जमिनीची मोजणी, भातावरील फवारणी अशा निरनिराळ्या कामांसाठी ती वापरली जातात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहावी उत्तीर्ण आणि १८ ते ६५ या वयोगटातील कोणासही प्रशिक्षण घेऊन चालकाचे प्रमाणपत्र मिळविता येते. दोन किलोपर्यंतचे ड्रोन व्यापारी कामासाठी नसेल, तर प्रमाणपत्राचीही आवश्यकता नाही. केंद्र शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत स्त्रियांच्या बचत गटांना फवारणीची ड्रोन देण्याची तरतूद करण्यात आली, आणि गटातील एका स्त्रीस सुमारे १५ दिवसांचे शिक्षण देण्याचे ठरले. सारांश, मराठी माध्यमातून शिकलेली व्यक्ती ही आता या यंत्राची स्वाभाविक चालक आहे. तिच्या हाती पडणारी पुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते, किंवा इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेली असते. प्रश्न येथेच उपस्थित होतो.

अशा भाषांतरित यादीतील ओळी साधारणतः पुढीलप्रमाणे असतात : ‘पंखे घट्ट आहेत याची खात्री करा’, ‘बॅटरी पूर्ण भरली आहे याची खात्री करा’, ‘परिसर मोकळा आहे याची खात्री करा’. व्याकरणदृष्ट्या यात दोष काढता येणार नाही. परंतु मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि कानाला व डोळ्याला तेच अखेरचे ऐकू येते, दिसते. इंग्रजी ओळीत आरंभी असलेली आज्ञा मराठीत शेवटी गेली, की दहाही ओळींचा शेवट एकसारखा होतो. ‘घट्ट’, ‘भरली’, ‘मोकळा’ हे कामाचे शब्द मधल्या मध्ये झाकले जातात. तिसऱ्या दिवसापासून वाचणारा ती यादी वाचत नाही, तिची चाल म्हणतो. कचेरीच्या भाषेतील ‘तपासणी करण्यात यावी’ हा प्रकार तर त्याहून वाईट म्हटला पाहिजे, कारण तेथे करणारा कोण हेच वाक्यातून नाहीसे झालेले असते.

याहून सूक्ष्म अडचण ‘का’ या प्रश्नार्थक अव्ययाची आहे. ‘बॅटरी भरली आहे का?’ असे विचारले की ‘हो’ हे उत्तर तयारच असते. आणि मराठीत ‘हो’ चा अर्थ नेहमी ‘तसे आहे’ असा नसतो. ‘ऐकले’, ‘कळले’, ‘चला पुढे’ हे सारे अर्थ ‘हो’ मध्ये, विशेषतः ‘हो हो’ मध्ये, मावतात. याउलट ‘किती’, ‘कोठे’, ‘कोणता’ या प्रश्नांना ‘हो’ म्हणता येत नाही. पाहिल्यावाचून उत्तर देणे अशक्य होते. ‘तपासली’ या भूतकाळी रूपाविषयीही असेच म्हणता येईल. ते क्रिया घडल्याचे सांगते; काय आढळले ते सांगत नाही. ‘भरलेली’, ‘बसविलेले’, ‘फुगलेली नाही’ ही धातुसाधिते स्थिती सांगतात. असफ देगानी व अर्ल वीनर या संशोधकांनी अमेरिकेतील नासा संस्थेसाठी १९९० मध्ये वैमानिकांच्या याद्यांचा अभ्यास केला. ‘तपासले’, ‘लावले’ अशी मोघम उत्तरे न देता प्रत्यक्ष स्थिती किंवा आकडा उच्चारावा, अशी शिफारस त्यांनी केली होती. ही शिफारस अमलात आणण्यास लागणारी सामग्री मराठीत आयतीच आहे.

शिवाय नाम आधी आणि विधेय मागाहून हा मराठीचा क्रम ‘पुकार व उत्तर’ या पद्धतीस अत्यंत सोयीचा आहे. भाताच्या बांधावर दोघींनी काम करावयाचे असेल, तर साहाय्यक कार्ड वाचील आणि चालक यंत्राकडे पाहून उत्तर देईल :

‘ताई, पंखे?’ — ‘चारही घट्ट.’
‘बॅटरी किती?’ — ‘शंभर टक्के. फुगलेली नाही.’
‘तारा कोठे?’ — ‘ओढ्यापलीकडे, पूर्वेला.’
‘परतीची उंची?’ — ‘साठ मीटर.’

‘चारही’ मधील ‘ही’ काढून टाकावा असे एखाद्या संपादकास वाटेल. पण त्या एका अक्षरासाठी चारही पंख्यांना हात लावावा लागतो. सहा पंख्यांचे यंत्र असेल तर कार्डही ‘सहाही’ चे हवे.

वरील चार ओळींपैकी शेवटच्या दोन या भूप्रदेशाने लिहावयास लावलेल्या आहेत. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, आणि तेव्हापासून उच्च दाबाच्या तारा या खोऱ्यातून मुंबईकडे जातात. हिरव्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर त्या ड्रोनच्या पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्या आधीच डोळ्यांनी शोधल्या पाहिजेत. परतीच्या उंचीचा प्रश्न अधिक फसवा आहे. संपर्क तुटल्यास ड्रोन आधी ठरविलेल्या उंचीवर जाऊन सरळ रेषेत परत येते. ही उंची सामान्यतः जेथून उड्डाण केले त्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नव्हे. सपाट देशावर हा भेद नाममात्र ठरतो. माथेरानचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि त्याच्या सोंडा कर्जतच्या शेतांपर्यंत उतरतात. येथे साठ मीटरवरून परतणारे यंत्र मधल्या सोंडेवर आदळू शकते. म्हणून कार्डावर ‘परतीची उंची?’ या पुकारानंतर ‘मध्ये काय?’ ही ओळ हवी. कोणत्याही परदेशी पुस्तिकेत ती या रूपात सापडणार नाही. हवाई नकाशाचेही असेच आहे. उड्डाणापूर्वी शासकीय संगणकीय नकाशावर निर्बंध पाहणे नियमाने बंधनकारक आहे, आणि तात्पुरते लाल क्षेत्र केव्हाही जाहीर होऊ शकते. तेव्हा ‘नकाशा पाहिला’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘आज सकाळी आठला, हिरवा’ असे म्हणावयास हवे.

राहता राहिला नकाराचा प्रश्न. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडली नाहीत, आणि २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, आणि सज्ज ठेवलेली हेलिकॉप्टरे हवामानामुळे उड्डाण करू शकली नाहीत. आकाशातून पाहण्याची गरज सर्वांत तीव्र असते, त्याच वेळी पाऊस, धुके आणि घाटातील वारा उड्डाणास विरोध करीत असतात. अशा प्रसंगी, किंवा मुहूर्त टळत असताना यजमान घाई करीत असतील अशा अगदी सामान्य प्रसंगीही, वयाने लहान असलेल्या चालकास ‘नाही’ म्हणणे अवघड जाते. मराठी शिष्टाचारात वडीलधाऱ्यांना नकार सरळ दिला जात नाही. ‘बघू’, ‘जरा थांबू या’ असे म्हटले जाते, आणि ‘बघू’ चा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीने लावतो. हा नकार व्यक्तीच्या तोंडून काढून कार्डाच्या तोंडी घातला, तर अवघडलेपण पुष्कळ कमी होते. ‘काका, वाऱ्याची ओळ लाल आहे’ या वाक्यात काकांचा अवमान नाही आणि वाटाघाटीस जागाही नाही. त्यासाठी वाऱ्याची मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेतून घेऊन आकड्याने कार्डावर आधीच छापलेली असावी लागते. ‘वारा जास्त नसावा’ असे लिहिल्यास जास्त म्हणजे किती, हे पुन्हा काकाच ठरवितात.