'जर्मन'च्या पातेल्याचं रसायन

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. इथे दोह्यात तोच धातू खिडकीच्या चौकटीत, थंड पेयाच्या कॅनमध्ये आणि पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात आहे.

माझ्या लेकीने विचारलं, "आई, मेसाईदला ॲल्युमिनियमचा एवढा मोठा कारखाना आहे, मग इथे बॉक्साइट कुठे आहे?" माझ्यातली शिक्षिका खूश झाली! बॉक्साइट इथे नाहीच. ते आपल्या राधानगरी तालुक्यात, दुर्गमानवाडीला आहे. त्यापासून ॲल्युमिना नावाची पांढरी पूड बनते. मेसाईदचा 'कतालम' कारखाना ही पूड जहाजाने मागवतो.

मग कारखाना इथे का? विजेसाठी. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांच्या नकळत, एकच रीत शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचं आणि सुमारे ९६० अंशांना त्यातून वीज सोडायची. एक किलो धातूला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. कतारकडे नैसर्गिक वायू मुबलक; म्हणून २०१० साली उद्घाटन झालेल्या या कारखान्याचं स्वतःचं वायूवर चालणारं वीजकेंद्र आहे.

हा धातू लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. म्हणून समुद्राच्या खाऱ्या हवेतही आपल्या खिडक्या टिकतात.

पण आंबट आणि खारट पदार्थ हा थर खातात. चिंचेची आमटी, आमसुलाचं सार, टोमॅटोची भाजी जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये. पहाटे भरलेला डबा दुपारी उघडतो, तेव्हा लिंबाचं लोणचं किंवा लिंबूभात चंदेरी कागदात न बांधता स्टीलच्या डबीत द्यावा. कोरडी पोळी खुशाल गुंडाळा. सोड्यासारखे क्षारही थर विरघळवतात, म्हणून आईने दिलेलं जुनं पातेलं डिशवॉशरमध्ये काळं पडतं. ते हातानेच घासावं.

शेवटी एक हिशेब. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. दिवाळीच्या जेवणानंतर मोकळे कॅन आणि फराळाचे ट्रे वेगळ्या पिशवीत ठेवूया. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात.