उलटें पायडल, सुलटी चाल

सायकलवर बसून चढ चढूं लागलें म्हणजे पाय जड होतात, आणि शेवटीं खालीं उतरून सायकल ढकलावी लागते, हा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांस असेल. ह्याचें कारण सायकलीच्या दंतचक्रांत आहे. पुढील चक्रास ४८ व मागील चक्रास १६ दांते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीन वेळां फिरतें. चाकाचा व्यास २८ इंच धरल्यास सायकल सुमारें २२ फूट पुढें जाते. सपाटीवर हें उत्तम. परंतु चढावर एका फेऱ्यांत एवढी मजल मारणें पायांस झेपत नाहीं. मागें २४ दांत्यांचें चक्र लाविलें, तर एका फेऱ्यांत सायकल सुमारें पावणेपंधरा फूटच जाईल, पण जेथें तीन शेर जोर लागे तेथें दोन शेर पुरेल. फेरे मात्र दोहोंच्या जागीं तीन घ्यावे लागतील. जोर वांचवावा तर वेग सोडावा लागतो. सृष्टीच्या बाजारांत फुकट कांहींच मिळत नाहीं.

मग दोन्ही सोयी एकाच सायकलींत कशा साधाव्या? ‘टूर द फ्रान्स’ ह्या प्रसिद्ध शर्यतींत १९३७ सालापूर्वीं नामांकित स्वारांस सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारें यंत्र वापरण्याची मनाई होती. म्हणून ते मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळीं चक्रें लावीत, आणि चढाच्या पायथ्याशीं उतरून चाकच फिरवून बसवीत. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें १९०२ सालीं स्थापन झालेल्या स्टर्मे-आर्चर कंपनीनें चाकाच्या तुंब्याच्या पोटांतच बारीक दंतचक्रें बसवून तीन गति साधल्या. पण तें काम नाजूक कारागिरीचें होतें.

ह्याहून मौजेची युक्ति फ्रान्समधील सेंट एतिएन शहरच्या एका कारखान्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या ‘इरोंदेल’, म्हणजे भिंगरी पक्षी, ह्या नांवाच्या सायकलींस योजिली. तिच्या तुंब्यावर एक लहान व एक मोठें अशीं दोन फ्रीव्हीलचीं चक्रें असत. अशीं चक्रें पुढें फिरलीं तर चाकास ओढतात, आणि मागें फिरलीं तर रिकामींच फिरतात. एकच लांब सांखळी लहान चक्रावरून जाऊन एका छोट्या कप्पीस वळसा घेई व मोठ्या चक्रावर अशा रीतीनें येई कीं, दोन्ही चक्रें नेहमीं परस्परविरुद्ध दिशांनीं फिरत. पाय पुढें चालविले कीं लहान चक्र चाकास ओढी व मोठें रिकामें फिरे. पाय उलटे चालविले कीं मोठें ओढी व लहान रिकामें फिरे. सायकल मात्र दोन्ही वेळां पुढेंच जाई! तार नाहीं, खटका नाहीं; गति बदलण्याचें काम स्वाराचे पायच करीत.

ह्या युक्तीचेंही मोल द्यावें लागे. सांखळीच्या वळशामुळें घर्षण वाढे, आणि सायकल हातानें मागें सरकवूं गेल्यास दोन्ही चक्रें एकदम गुंतून ती अडे. पुढें सांखळी हलविणारीं यंत्रें सुधारलीं आणि ही पद्धति मागें पडली.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या साध्या सायकलीचे दांते मोजावे, आणि पुढील संख्येस मागील संख्येनें भागावें. भागाकार जितका मोठा, तितकी सपाटीवर चाल भरभर व चढावर मेहनत अधिक. ज्याचा शाळेचा रस्ता चढाचा आहे, त्यास मागील चक्राचे दोनचार दांते वाढविल्यानें थोड्या खर्चांत पुष्कळ आराम मिळेल. हा हिशेब पालकांनींही सायकल घेण्यापूर्वीं एकदां करून पाहावा.