भिजलेला लॅपटॉप आणि त्यातील अमानत

आपल्या घरांतून लॅपटॉप बहुधा एका माणसाचा नसतो, तो साऱ्या घराचा असतो. सकाळी मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यावर चालतो, दुपारी अम्मी शिवणाच्या ऑर्डरींचा हिशेब मांडतात, रात्री अब्बा आखातातील भावाशी व्हिडिओवर बोलतात. निकाहचे फोटो, नोकरीचे आणि व्हिसाचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका, मरहूम आजोबांच्या आवाजातील तिलावत, हे सारे त्या एकाच यंत्रात साठवलेले असते. आणि हे यंत्र ठेवलेले असते कुठे? जेवणाच्या टेबलावर, चटईवर, नाही तर स्वयंपाकघराच्या दाराशी. जिथे चहाचे कप फिरतात, तिथेच. रमजानमध्ये इफ्तारची तयारी चालू असताना सरबताचा जग लॅपटॉपच्या शेजारी ठेवला जातो आणि एखाद्या लहानग्याचा हात लागतो.

सांडायचे ते कधीतरी सांडणारच. त्यानंतर काय करायचे, हे मात्र आपल्या हातात असते. आम्ही ओळखीच्या घरांत पाहिले आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडूनही वारंवार ऐकले आहे, की पुष्कळ लॅपटॉप द्रवाने जितके बिघडत नाहीत तितके ‘चालतो का बघू’ म्हणून पुन्हा चालू केल्याने बिघडतात. म्हणून ही माहिती घरातील सर्वांनी, मुलांनीही, वाचून ठेवावी.

नुसत्या पाण्याने नव्हे, विजेमुळे

अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या पाण्यात क्षार असतात, चहात दूध-साखर असते, सरबतात साखर आणि आंबटपणा असतो. असे पाणी मदरबोर्डवरच्या दोन बारीक जोडांमध्ये शिरले की वीज नको त्या वाटेने वाहू लागते. यालाच आपण ‘शॉर्ट झाले’ म्हणतो. शिवाय ओलाव्यात वीज वाहत राहिली की धातू झपाट्याने झिजतो आणि त्यावर हिरवट-पांढरा गंज चढतो.

लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी आतून बोर्डला जोडलेलीच असते आणि काही भागांत वीज खेळतच असते. म्हणून वरून पुसलेला, कोरडा दिसणारा लॅपटॉप दोन-तीन आठवडे नीट चालून एके दिवशी अचानक बंद पडतो. साधे पाणी त्यातल्या त्यात सौम्य. दुधा-साखरेचा चहा आणि सरबत वाळल्यावर चिकट थर मागे ठेवतात. समुद्राचे खारे पाणी सर्वांत घातक.

पहिली दोन मिनिटे

१. चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा, मग पिन काढा. चार्जर किंवा बोर्ड ओला असेल तर त्याला ओल्या हाताने स्पर्श करू नका.

२. लॅपटॉपचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि तो पूर्ण बंद करा. रीतसर ‘शट डाउन’ होण्याची वाट पाहू नका. लिहिलेले शेवटचे पान सेव्ह करण्याचा मोहही टाळा. एका पानापायी सगळे जाऊ शकते.

३. पेन ड्राइव्ह, माउस, हेडफोन, जे काही जोडलेले असेल ते काढा. जुन्या पद्धतीची, खटका सरकवून निघणारी बॅटरी असेल तर तीही लगेच काढा.

४. वरचा द्रव कापडाने टिपून घ्या. चोळू नका, लॅपटॉप झटकू नका. झटकल्याने पाणी आणखी आत जाते.

५. झाकण उघडे ठेवून लॅपटॉप टॉवेलवर तंबूसारखा पालथा उभा करा. कीबोर्डची बाजू खाली राहिली की आत शिरलेला द्रव बोर्डकडे न जाता बाहेर गळतो.

६. त्यानंतर चार्जरला आणि पॉवर बटणाला हात लावू नका.

लॅपटॉप विलक्षण तापला, आतून सूं-सूं आवाज आला, विचित्र वास आला किंवा तळ फुगलेला दिसला, तर बॅटरीला इजा झाली आहे असे समजा. अशा वेळी मुलांना दूर न्या, खिडक्या उघडा आणि यंत्राशी खटपट करू नका. फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा चार्ज करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

एक गोष्ट घरातील मोठ्यांसाठी. चहा सांडणारे मूल रागावण्याच्या भीतीने लॅपटॉप ओढणीने पुसून कपाटात ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी काहीच माहीत नसताना तो चालू करते. ‘सांडले तर आधी येऊन सांग, कोणी ओरडणार नाही’ हे मुलांना आजच सांगून ठेवावे. ओरड्याच्या धाकाने मौल्यवान मिनिटे निघून जातात.

तांदळाचे पोते, हेअर ड्रायर आणि ऊन

भिजलेली वस्तू तांदळात ठेवण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. तांदूळ बंद यंत्राच्या आतला ओलावा ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी आणि एखाददुसरा दाणा फटींत अडकतो. हेअर ड्रायरच्या गरम हवेने बटणे आणि आतले प्लॅस्टिक वाकते, आणि वाऱ्याच्या झोताने पाणी अधिक खोल जाते. कडक उन्हात बॅटरी तापते. पंख्याखाली, सावलीत ठेवणे एवढेच घरी करण्यासारखे आहे.

साध्या पाण्याचे चार थेंब असतील तर असे दोन दिवस वाळवून काम भागू शकते. चहा, दूध, सरबत किंवा कपभर पाणी असेल तर नुसते वाळवून चालत नाही, कारण पाणी उडून जाते आणि साखर, क्षार बोर्डवरच राहतात. अशा वेळी त्याच दिवशी लॅपटॉप चांगल्या कारागिराकडे न्यावा. तो तळाचे झाकण उघडतो, सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवतो, बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करतो. काहींकडे अल्ट्रासोनिक सफाईचे यंत्रही असते. लवकर साफ झालेला बोर्ड पुष्कळदा वाचतो, आठवडाभर गंजत पडलेला क्वचित.

यंत्र हवे की माहिती?

दुकानाची पायरी चढण्याआधी घरात बसून हा प्रश्न सोडवावा. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, आजोबांचा आवाज विकत मिळत नाही. ‘लॅपटॉप चालू करून द्या’ असे सांगितले तर कारागीर तो चालू करण्याच्या मागे लागतो. त्यात बोर्ड बदलला जाऊ शकतो, नवे विंडोज टाकले जाऊ शकते आणि जुने सर्व पुसले जाऊ शकते. आमच्या परिचयातील एका घरी नेमके हेच घडले. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, नव्यासारखा चालूही झाला, पण लेकीच्या निकाहचा एकही फोटो त्यात उरला नव्हता. दुकानदाराने सांगितलेले काम केले होते. फोटो जपण्याचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आपली माहिती लॅपटॉपमध्ये नेमकी कशात आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते, म्हणजे आत फिरणारी चकती असलेली चपटी डबी. ती सहज निघते. बोर्ड जळाला तरी डिस्क पुष्कळदा शाबूत असते. साध्या यूएसबी केसमध्ये घालून ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते.

त्यानंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असते. तीही एका स्क्रूवर निघते, मात्र तिचे दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई, आणि केस त्या प्रकाराची लागते. पट्टी पूर्ण कोरडी आणि स्वच्छ झाल्याशिवाय जोडू नये.

काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवणुकीच्या चिप थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेल्या असतात. तिथे बोर्ड बदलला की माहितीही गेली. अशा वेळी बोर्ड निदान एकदा जिवंत होईल इतका दुरुस्त करणारा, ज्याला बाजारात ‘चिप-लेव्हल’ काम म्हणतात ते जाणणारा कारागीर शोधावा लागतो.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणावे. ती उघडली तर आधी सर्वांत प्रिय आणि सर्वांत गरजेच्या गोष्टी उतरवून घ्याव्यात, सिनेमे-गाणी शेवटी. माहिती परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर कधीही टाकू नये. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला तर त्या क्षणी वीज बंद. प्रत्येक फेरीगणिक आतली चकती खरवडली जात असते. तिथून पुढचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे.

कुलूप आपलेच, किल्ली कुठे?

नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळदा माहिती आपोआप कुलूपबंद होते. या व्यवस्थेला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. चोरापासून हे उत्तम संरक्षण आहे. पण बोर्ड जळाल्यावर डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर जगातला कोणताही कारागीर काही करू शकत नाही. बहुधा ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण ते खाते दुकानदाराने लॅपटॉप विकताना स्वतःच उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नसतो! म्हणून लॅपटॉप धड असतानाच ते खाते उघडून पाहावे, की कागदावर लिहून घ्यावी आणि रेशन कार्ड, पासपोर्ट जिथे ठेवतो तिथे ठेवावी.

पुराचे पाणी

२६ जुलै २००५ मुंबईकर विसरलेले नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, ते कोकणातील आपल्या वाचकांना सांगायला नको. पुरात बुडालेला लॅपटॉप चहा सांडलेल्या लॅपटॉपपेक्षा वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो. पाण्याबरोबर गाळ येतो आणि हार्ड डिस्कच्या बारीक श्वासछिद्रातून तो आत जाऊ शकतो. अशी डिस्क वाळवूही नये आणि जोडूनही पाहू नये. गाळ चकतीवर वाळून घट्ट बसला की काम अवघड होते. डिस्क तशीच ओलसर, हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर तज्ज्ञांकडे पोचवावी.

आशा मात्र लवकर सोडू नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घेऊन परतणारे कोलंबिया यान आकाशात तुटले. त्याच्या अवशेषांत एका वैज्ञानिक प्रयोगाची जळालेली हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेली डिस्क वाचता येते. घरी दहादा चालू-बंद केलेली डिस्क मात्र वाचता येईलच असे नाही.

दुकानात गेल्यावर

काय सांडले, किती आणि केव्हा, हे खरे सांगा. लपवून उपयोग नसतो. अनेक लॅपटॉपच्या आत पाणी लागताच लाल होणाऱ्या पट्ट्या असतात. नेहमीच्या वॉरंटीत द्रवाचे नुकसान सहसा बसत नाही. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतले असेल तर ते मिळते, म्हणून पावती शोधा. पण कंपनीच्या केंद्रात आतील माहितीची जबाबदारी ग्राहकावरच असते, हे अर्जावर सही करण्याआधी वाचा.

पावतीवर ‘माहिती पुसू नये, फॉरमॅट करू नये, जुने भाग परत द्यावेत’ असे लिहून घ्या. तपासणीचे आणि माहिती मिळाली नाही तर द्यायचे पैसे आधी ठरवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो किंवा आपल्या तालुक्यातील एखादे दुकान, चार जणांना विचारून, चिप-लेव्हल काम तिथेच होते की पुढे पाठवले जाते हे समजून घ्या.

आणखी एक नाजूक बाब. लॅपटॉपमध्ये घरातील महिलांचे, मुलींचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. ती घराची अमानत आहे. डिस्क निघत असेल तर ती समोर काढून घेऊन उरलेले यंत्र दुरुस्तीला द्या. निघत नसेल तर माहिती आपल्यासमोर आपल्याच डिस्कवर उतरवून घेण्याचा आग्रह धरा, आणि काम संपल्यावर दुकानातील प्रत पुसायला सांगा. प्रामाणिक कारागीर याचा राग मानत नाही.

सांडण्याआधीचे काम

माहिती जपणारे लोक एक साधा हिशेब पाळतात. प्रत्येक मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातील एक घराबाहेर. आपल्या घरासाठी याचा अर्थ एवढाच, की एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या खात्यात. गूगल खात्यावर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मोफत मिळते. कागदपत्रांना आणि निवडक फोटोंना ती पुरते. जास्त फोटो असतील तर दुसरी हार्ड डिस्क भरून माहेरी किंवा भावाच्या घरी ठेवावी. पूर एकाच वेळी दोन्ही घरांत येत नाही. केवळ पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये, ती हरवते आणि बिघडतेही. आधार, गुणपत्रिका यांसाठी २०१५ पासून सरकारचे डिजिलॉकर आहे. तिथे संस्थेने दिलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते.

महिन्यातून एक दिवस ठरवा. पहिला शुक्रवार, पगाराचा दिवस, जो सोयीचा असेल तो. घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे काम सोपवा. त्या दिवशी बाहेरची डिस्क जोडायची, नवे ते उतरवायचे, दोन-चार फाइली उघडून त्या खरोखर उघडतात का ते पाहायचे, आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. अर्ध्या तासाचे काम आहे. सुरुवात त्या फोल्डरपासून करा, जो गेला तर कोणत्याही दुकानात पैसे देऊन परत मिळणार नाही.