झामर म्हणजे मोतीबिंदू नव्हे

आपण सारे बडोदेकर. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्याने आपल्या मराठीत गुजराती शब्द कधी आणि कसे मिसळले हे आता सांगता येत नाही, आणि त्याचे वाईटही वाटत नाही. एक शब्द मात्र घोटाळा करतो. गुजरातीत मोतीबिंदूला ‘मोतियो’ म्हणतात आणि काचबिंदूला ‘झामर’. शेजारचे हिंदी भाषिक काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात. आपले शब्द तर एकाच यमकातले, मोतीबिंदू आणि काचबिंदू. परिणामी आपल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांची अशी समजूत आहे की काचबिंदू हा मोतीबिंदूचाच एक प्रकार असावा, पिकला की काढून टाकू. हा समज डोळे घालवणारा आहे, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य बँकेत गेले. पण निवृत्तीनंतर घरच्या व परिचयातल्या माणसांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यांत बरेच बसणे झाले, डॉक्टरांना प्रश्न विचारता आले, थोडे वाचनही झाले.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ऑपरेशन करून ते काढतात, नवे बसवतात आणि माणसाला परत दिसू लागते. काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकते, डोळा बाहेरून नितळ दिसतो, पण मागची नस सुकत जाते. डोळ्याला दिसलेले मेंदूपर्यंत नेणारी ही नस म्हणजे सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतूंची जुडी. एकदा मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. गोळीने नाही, लेसरने नाही, ऑपरेशननेही नाही. नेत्रदानाचाही इथे उपयोग नाही, कारण दान केलेल्या डोळ्यातून रोग्याला पुढचा पारदर्शक पडदा बसवतात, नस जोडता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर या खात्यात नवीन भरणा होतच नाही, फक्त उचल होते. उपचाराने उचल थांबवता येते किंवा खूप कमी करता येते. शिल्लक किती असताना थांबवली, यावर पुढचे सगळे अवलंबून.

डोळ्यात सतत थोडे पाणी तयार होत असते. हे अश्रू नव्हेत, ते आतले पाणी. बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते बाहेर जाते. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि त्याचा भार मागे नसेवर पडतो. साधारण १० ते २१ हा दाब सर्वसामान्य धरतात. पण काही जणांची नस १६ किंवा १८ दाबालाही झिजते. ज्यांचा पुढचा पडदा पातळ असतो त्यांचा दाब यंत्रावर असतो त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

हा आजार बहुधा दुखत नाही, खुपत नाही, लालीही आणत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरची शेवटपर्यंत राहते. वर्तमानपत्र वाचता येते, टीव्ही दिसतो, चष्म्याचा नंबरही बरोबर असतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेले मेंदू अंदाजाने रंगवतो. मग दाराच्या चौकटीला खांदा लागतो, जिन्याची पायरी चुकते, मांडवीच्या गर्दीत बाजूने आलेली रिक्षा अंगावर येईपर्यंत दिसत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. वय झालेले असतेच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. त्यात पाणी जाण्याचा कोपराच अरुंद असतो आणि तो एकाएकी बंद होतो. डोळा लाल होतो, डोळ्यात व डोक्यात भयंकर दुखते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. उलट्या झाल्या की आपल्याकडे निदान ठरलेले, पित्त झाले. मग सुंठसाखर, अंधारी खोली आणि सकाळची वाट. या प्रकारात ती एक रात्रसुद्धा महाग पडू शकते. डोकेदुखी आणि उलटीबरोबर एक डोळा लाल व धूसर असेल तर त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. कोपरा अरुंद असल्याचे आधी कळले तर लेसरने बुबुळात बारीक छिद्र पाडून हा धोका बराच टाळता येतो.

भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तामिळनाडू, आंध्र आणि बंगालमध्ये घरोघरी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या रोग्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते.

घराण्याचा आणि या आजाराचा संबंध किती, हे समजायला थोडे दूर जाऊ. पश्चिम आफ्रिकेत काचबिंदू फार. घानातल्या तेमा या बंदराच्या शहरात पाहणी झाली, तेव्हा चाळिशीपुढच्या शंभरात जवळपास सात जणांना त्याचा न दुखणारा प्रकार आढळला. तिकडे तो लवकर सुरू होतो आणि जोरात वाढतो. आता समुद्रापलीकडचे बार्बाडोस बेट पाहा. तिथल्या कृष्णवर्णीयांचे पूर्वज सतराव्या-अठराव्या शतकांत पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. तिथे १९८८ ते १९९२ मध्ये पाहणी झाली, आणि ४० ते ८४ वयाच्या कृष्णवर्णीयांत प्रमाण निघाले ७ टक्के. मुलूख बदलला, भाषा बदलली, अन्न बदलले, शेकडो वर्षे गेली, तरी डोळ्यांचा हा वारसा बरोबर गेला. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरातल्या अभ्यासात रोग्यांच्या भावंडांना व मुलांना हा आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे नऊपट दिसला.

आमच्या परिचयातले एक घर आहे. तिघे भाऊ, एक दांडिया बाजारात, एक पुण्यात, एक इंदूरला. थोरले सात वर्षे रोज रात्री डोळ्यात थेंब घालत होते. धाकट्यांना सांगितले नाही, कारण काय, तर उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर. मधल्याला समजले तेव्हा त्यांच्या एका डोळ्याची बरीचशी नजर गेलेली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, घरात कोणाला आहे का? ते ‘नाही’ म्हणाले. खरे उत्तर त्यांना दिवाळीत बडोद्याला आल्यावर मिळाले. थोरल्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. आपल्याकडे दुखणे सांगत फिरणे बरे दिसत नाही, आणि लग्नाची मुले घरात असली तर मुळीच नाही. पण भावंडांना आणि मुलांना कळवणे हा या आजारात उपचाराचाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्यापैकी ज्यांना थेंब चालू आहेत त्यांनी आज घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात. पस्तिशी-चाळिशीच्या मुलांना फोनही करावा. ग्रुपवरचे कोण वाचतो?

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. मोतीबिंदूच्या मोफत शिबिरात ‘तुम्हाला काही नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ ऑपरेशनजोगा मोतीबिंदू नाही, एवढाच असू शकतो. डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘नस पाहिली का?’ त्यासाठी बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात. शंका वाटली तर डोळ्यावर भिंग ठेवून कोपरा तपासतात, दिवा दिसला की बटण दाबायची नजरेची चाचणी घेतात, नसेचा स्कॅन काढतात. बटणाच्या चाचणीत पहिल्या खेपेला सगळेच गोंधळतात, तेव्हा पुन्हा करायला सांगितले तर पैसे काढायचा डाव समजू नये. सरकारी सोय हवी असेल तर सयाजी रुग्णालयात नेत्रविभाग आहे. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी, आणि घरात कोणाला असेल, मधुमेह असेल किंवा मायनस नंबर मोठा असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे त्याहून लवकर जावे.

डोळे आले, खाज सुटली की औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचेच थेंब आणायची सवय मात्र सोडावी. त्यांत स्टेरॉइड असेल तर एक-दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने घालत राहतो आणि दाब चढत जातो. लहान मुलांनाही असा काचबिंदू होतो.

काचबिंदूचे थेंब रोजचे आणि बहुधा जन्मभराचे. मेडिक्लेममध्ये हा खर्च सहसा मिळत नाही, तेव्हा महिन्याच्या हिशेबात धरून ठेवावा. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण यातले काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत. थेंब एकच पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण बहुतेक बाटल्या उघडल्यावर महिनाभरच वापरायच्या असतात.

तपासणीला जाताना स्कूटर घरी ठेवावी आणि कोणाला तरी बरोबर न्यावे. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास धूसर दिसते, ऊन सोसत नाही. काळा चष्मा आणि जुने कागद असतील तर तेही बरोबर असू द्यावेत.