रेन, रॉजे आणि हॉर्नबी: इंग्रजीच्या पुस्तकांमागची अफलातून माणसं

रेन अँड मार्टिनचं जाडजूड व्याकरण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजोबांकडून नातवापर्यंत आलेलं आहे. त्यातले रेन कोण, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘पॅसिव्ह व्हॉइस करा’, ‘इनडायरेक्ट करा’ असे प्रश्न मुलांपुढे टाकणाऱ्या या माणसाने 1924 साली ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली. वाळवंटातला किल्ला, फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती झालेले तीन भाऊ, एक चोरीला गेलेलं रत्न! पुस्तक तुफान गाजलं आणि 1939 मध्ये त्यावर गॅरी कूपरचा सिनेमाही आला. परदेशात रेन ओळखले जातात ते या साहसकथेमुळे, आपल्याकडे व्याकरणामुळे.

इंग्रजीची संदर्भपुस्तकं घेताना मी आधी एकच गोष्ट बघतो: हे पुस्तक मुळात कुणासाठी लिहिलं होतं? त्या उत्तरात निम्मी निवड होऊन जाते, आणि गोष्टीही एकाहून एक सापडतात.

शब्दकोश छापला टोकियोत

ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ऑक्सफर्डमध्येच जन्मली असणार असं वाटतं ना? ती जन्मली जपानमध्ये. अल्बर्ट सिडनी हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवत होते. जपानी मुलं शब्दाचा अर्थ बरोबर सांगायची, पण तो वाक्यात कसा बसवायचा हे त्यांना कुठलाच शब्दकोश सांगत नव्हता. म्हणून हॉर्नबींनी गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन नवा कोश रचला. टोकियोच्या कैताकुशा प्रकाशनाने तो 1942 मध्ये छापला, म्हणजे जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत होते तेव्हा! ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला 1948 साली.

त्याआधीची एक गोष्ट तर आपल्या उपखंडातली आहे. ढाक्याला मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी होते. कोशात एक शब्द बघायला जावं तर अर्थात आणखी तीन अनोळखी शब्द भेटतात, हा विद्यार्थ्यांचा जाच त्यांनी रोज पाहिला. 1935 मध्ये त्यांनी असा कोश आणला, ज्यात सुमारे 24,000 नोंदी अवघ्या 1,490 शब्दांच्या भांडवलावर समजावल्या होत्या. पुढे लाँगमनने 1978 मध्ये 2,000 शब्दांत सगळे अर्थ बसवले. आज बहुतेक चांगल्या लर्नर्स डिक्शनरींत ही युक्ती वापरलेली असते.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की मराठी माध्यमातून आलेल्या माणसाने पहिला पैसा लर्नर्स डिक्शनरीवर खर्च करावा. इंग्रजांसाठी लिहिलेल्या कोशात शब्दांचा साठा मोठा असतो, पण ‘डिस्कस’नंतर ‘अबाऊट’ लावायचं नसतं हे सांगायची त्याला गरजच वाटत नाही. आपल्याला ते हवंच असतं, कारण आपण ‘त्याविषयी चर्चा’ करतो आणि ते ‘विषयी’ गुपचूप इंग्रजीत शिरतं. लर्नर्स डिक्शनरी ही चूक नाव घेऊन दाखवते.

डॉक्टरांची खासगी वही

पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर आणि रॉयल सोसायटीचे सचिव. लॉग-लॉग स्लाइड रूल ही मोजपट्टी त्यांचीच. शिवाय चाकाचे आरे फटींतून पाहिल्यावर वाकडे का दिसतात, यावरही त्यांनी निबंध लिहिला. 1805 च्या सुमाराला त्यांनी स्वतःच्या लिखाणासाठी सारख्या अर्थाच्या शब्दांची एक वही केली. निवृत्तीनंतर ती वाढवून 1852 मध्ये ‘थिसॉरस’ म्हणून छापली, तेव्हा वय होतं 73. रॉजेंच्या हयातीतच थिसॉरस 28 वेळा छापला गेला. पुढे मुलाने आणि नातवानेही तो सांभाळला.

मूळ थिसॉरसमध्ये शब्द वर्णानुक्रमाने नव्हते, एक हजार कल्पनांखाली लावलेले होते. ज्याला शब्द आधीच माहीत आहे, फक्त जिभेवर येत नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. नवशिक्याला ते गोत्यात आणतं. ‘थिन’ शोधताना ‘स्लिम’ही मिळतो आणि ‘स्किनी’ही, पहिल्याने पाहुणी खूश होईल, दुसऱ्याने रुसेल. थिसॉरस ते सांगत नाही. नवशिक्याने त्याऐवजी कोलोकेशन्स डिक्शनरी घ्यावी. कुठल्या शब्दाची जोडी कुणाशी जमते एवढंच ती सांगते: पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नाही, वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो.

वय चोरून सैन्यात

‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’वाले हेन्री फाउलर पहिल्या महायुद्धात भरती व्हायला गेले तेव्हा 57 वर्षांचे होते. त्यांनी 44 सांगितलं! धाकटे बंधू फ्रान्सिसही सोबत गेले. दोघांनी मिळून 1911 चा कन्साइज ऑक्सफर्ड कोश केला होता. युद्धाच्या सेवेत फ्रान्सिसना क्षय जडला आणि 1918 मध्ये ते वारले. 1926 मध्ये आलेलं ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ हेन्रींनी धाकट्या भावालाच अर्पण केलं आहे. वाचायला बहारदार आहे, पण शिकणाऱ्यासाठी नव्हे. ज्याला इंग्रजी येतं आणि बारकाव्यांवर वाद घालायला आवडतो, त्याच्यासाठी.

त्याची दुसरी आवृत्ती 1965 मध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांनी सुधारली. या गॉवर्सचं स्वतःचं ‘प्लेन वर्ड्स’ मला अधिक मोलाचं वाटतं. ब्रिटिश अर्थखात्याने त्यांना सांगितलं, आमच्या कारकुनांना साधं लिहायला शिकवा, आणि 1948 मध्ये हे पुस्तक आलं. सरकारी पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते असावं असं मनापासून वाटतं.

छोटं पुस्तक, मोठा वाद

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम स्ट्रंक यांनी 1918 मध्ये वर्गापुरतं ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ हे लेखनाच्या नियमांचं 43 पानांचं पुस्तक स्वखर्चाने छापलं. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी ते वाढवून 1959 मध्ये बाजारात आणलं. हे व्हाइट म्हणजे ‘शार्लट्स वेब’ लिहिणारे. 2005 मध्ये न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात या नियमांची चक्क गाणी सादर झाली, संगीत निको म्युली यांचं. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम मात्र या पुस्तकावर कडाडून तुटून पडतात. त्यात पॅसिव्हची म्हणून दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच, हे त्यांनी दाखवलं आणि ते बरोबर आहे. म्हणून हे पुस्तक काटकसरीने लिहायला शिकण्यासाठी वाचावं, व्याकरणासाठी नको. व्याकरणाचा खरा महाग्रंथ पुलम यांनी हडल्स्टन यांच्याबरोबर 2002 मध्ये केला: अठराशेहून अधिक पानं! तो वाचनालयातच बघावा.

मग घरी काय आणायचं?

सरावाला रेमंड मर्फींचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’. 1985 पासून तोच साचा: डावीकडे समजावणं, उजवीकडे सराव. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ मराठीत नसल्यामुळे आपण तिथे हमखास अडखळतो, आणि मर्फींनी त्यावर एकामागून एक धडे दिलेत. शंका आली की उघडायला मायकेल स्वान यांचं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’. बँकेच्या किंवा स्पर्धा परीक्षेसाठी वाक्यं घोटवायची असतील तर रेन अँड मार्टिन, पण त्याची उत्तरांची ‘की’ वेगळी मागून घ्या. मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अजूनही हात देते.

पुस्तकं घ्यायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाताना स्वतःच्या दोन खऱ्या शंका कागदावर लिहून न्या, उदाहरणार्थ ‘सिन्स’ की ‘फॉर’. उत्तर चटकन सापडलं आणि पहिल्या वाचनात कळलं, तर ते पुस्तक तुमचं. मर्फी घेताना मागे उत्तरं असलेली आवृत्ती घ्या. एकट्याने शिकणाऱ्याला बिनउत्तरांची काही कामाची नाही. जुन्या बाजारात रेन बिनधास्त घ्या, मर्फी मात्र पानं उलटून बघा, कारण त्यात गाळलेल्या जागा असतात आणि आधीच्या मालकाने त्या पेनाने भरलेल्या असू शकतात.