नावात काशी, आडनावात गाव

जालन्यात १९६४ साली 'महिको' ही बियाण्यांची कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचं नाव त्यांनी देशभर नेलं. त्यांचं स्वतःचं नाव मात्र हिमालयातलं. बद्रीनारायण हा बद्रीनाथचा देव. अलकनंदेच्या काठी, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याचं देऊळ आहे आणि वर्षातले जवळपास सहा महिने बर्फामुळे ते बंदच असतं. कपाशी-ज्वारीच्या मुलखातल्या पाळण्यापर्यंत इतक्या लांबचं ठिकाण कसं पोचतं?

मराठी माणसाच्या पूर्ण नावात गाव दोन जागी येतं. परतूरकर, अंबडकर, जालनापूरकर या आडनावांत ते उघड दिसतं. हे मागे राहिलेलं गाव असतं, कारण परतुरातच राहणाऱ्याला परतूरकर कोण म्हणणार? ते सोडून दुसरीकडे वस्ती केली की गाव आडनावाला चिकटतं. पाळण्यातल्या नावाचं गाव वेगळं. काशीनाथ, पंढरीनाथ, द्वारकाबाई, मथुराबाई, प्रयागबाई, गयाबाई, केदार, रामेश्वर. नाव ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ही ठिकाणं जन्मात पाहिलेली नसत. जिथे जायची ओढ होती, ते गाव लेकराला दिलं जाई. अंबड किंवा जाफराबाद हे कुणाचं पाळण्यातलं नाव ऐकू येत नाही, ते यामुळेच.

रेल्वे येण्याआधी काशीयात्रा म्हणजे काही महिन्यांची पायपीट. निघणारा माणूस घरदाराचा निरोप घेऊनच निघे, कारण परत येण्याची खात्री नसे. मग कुणाचा नवस, कुणी यात्रेहून सुखरूप परतल्याचा आनंद, कुणा आजीची राहून गेलेली इच्छा बारशाला नावात उतरे. त्यामागे एक श्रद्धाही होती. भागवतात अजामिळाची कथा आहे: मरताना त्याने धाकट्या मुलाला 'नारायण' अशी हाक मारली आणि तेवढ्या नामोच्चाराने तो तरला. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या मुलाचं नावही नारायणच होतं. तेच पुढे समर्थ रामदास झाले. लेकराला हाक मारता मारता देवाचं नाव घडावं, हा त्यातला भाव. काशीनाथ म्हटलं की देवाबरोबर तीर्थही जिभेवर येतं.

या नावांत स्त्री-पुरुषांचा भेद सहज लक्षात येतो. पुरुषाला बहुधा तीर्थाचा स्वामी मिळतो आणि बाईला तीर्थच: काशीनाथ आणि काशीबाई, द्वारकानाथ आणि द्वारकाबाई. कैलास, गोकुळ, पंढरी अशी थेट ठिकाणाची नावं पुरुषांनाही असतात, पण नदी जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या वाट्याची. भागीरथीची भागूबाई होते, प्रयागबाईची पर्यागबाई, त्र्यंबकचा त्रिंबक. बोलण्यात झिजून गुळगुळीत झालेली ही रूपंच गावोगाव चालली. परळीचा वैजनाथ आणि औंढ्याचा नागनाथ मराठवाड्यात घरोघर भेटतात; वेरूळचा घृष्णेश्वर तेवढाच जवळचा, तरी नावात फारसा उतरला नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायला तो जडच.

जालन्याच्या नावांत खरी घरची आहे ती गोदावरी. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून ती वाहते आणि काठावरचे लोक तिला गंगाच म्हणतात. पूर आला की गंगेला पाणी आलं, काठची जमीन ती गंगथडी. गौतम ऋषींनी गंगा दक्षिणेत आणली, ही कथा त्यामागे आहे. त्यामुळे अंबड-घनसावंगीकडच्या गंगूबाईचं नाव हरिद्वारच्या गंगेवरून आलं असं धरून चालू नये. ती दाराजवळच्या नदीची लेक असू शकते. शेजारच्या पैठणला संत एकनाथांच्या दोन मुलींची नावं परंपरेने सांगितली जातात, ती गोदावरी आणि गंगा.

यातली कितीतरी नावं नाहीशी झाली, आणि ती कुणी जपली नाहीत याची खंत वाटायला हवी. अनेक घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने नवं नाव लिहायचं आणि माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी व्हायची. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर दुसरंच नाव चढलं. पहिलं माहेरच्या माणसांच्या तोंडी उरलं आणि त्यांच्याबरोबर गेलं.

देशावरून मुलीला नाव देण्याची रीत फार जुनी आहे. कौसल्या म्हणजे कोसल देशाची, कैकेयी केकयची, गांधारी गांधारची. सीता विदेहाची म्हणून वैदेही, मिथिलेची म्हणून मैथिली. खेड्यातल्या कौसाबाईच्या नावात अयोध्येभोवतीचं अख्खं राज्य आहे. कैकेयी आणि गांधारी मात्र पाळण्यात कुणी आणल्या नाहीत. इतिहास-पुराणातलं माणूस आवडावं लागतं, नुसता देश पुरत नाही. जन्मगावावरून थेट नाव ठेवणं आपल्याकडे दुर्मीळ, युरोपात ते घडतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला जन्मली म्हणून ते नाव. तिची थोरली बहीण नेपल्सची, म्हणून त्या शहराचं प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी तिला मिळालं.

दिसायला गावाचं, पण गावाशी संबंध नसलेलं नावही असतं. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचं मूळ नाव अंबाजी. झाडाची फांदी तोडताना ते विहिरीत पडले, समर्थांनी वरून 'कल्याण आहे ना?' असं विचारलं आणि तेच नाव रूढ झालं, अशी आख्यायिका आहे. ठाण्याजवळच्या कल्याणचा तिथे काही संबंध नाही.

तीर्थाचं नाव लेकराला देण्याची ओढ एकाच धर्माची नाही. मुस्लिम घरांत मदीनाबी असते, जैन घरांत सम्मेद शिखरावरून शिखरचंद. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत लुंबिनी, श्रावस्ती, सांची ही नावं आली. जुन्या व्यवस्थेने माथी मारलेली हिणकस नावं टाकून बुद्धाच्या भूगोलातून मुलींची नावं निवडणं हे मोठ्या स्वाभिमानाचं काम होतं. यातल्या सांचीचं जालन्याशी नातं तर फार जुनं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि सांची व भारहूतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दात्याने आपल्या नावाबरोबर गावही दगडात कोरून घेतलं. भोकरदनच्या शाळेत एखादी सांची असेल, तर इतिहासाच्या तासाला गुरुजींनी तिला हे जरूर सांगावं: त्या स्तूपासाठी दोन हजार वर्षांपूर्वी तिच्याच गावातून दान गेलं होतं.